भांडखोर माशाची बाजू

समुद्री मत्स्यालयांच्या जगात एक समजूत नियमासारखी रूढ झाली आहे. प्रवाळ, खडक आणि रंगीत मासे असलेल्या टाकीत एखादा मासा इतरांच्या अंगावर धावून जाऊ लागला, त्यांचे पर कुरतडू लागला, की तो स्वभावानेच दुष्ट ठरतो. मग त्याला बाहेर काढणं हा एकच उपाय उरतो. तो हाती लागत नसेल तर टाकीतले सगळे खडक उपसून का होईना, पण काढायचाच, असा सल्ला मिळतो. दुकानदार हेच सांगतो, जुना शौकीन नव्या शौकिनाला हेच सांगतो आणि सांगणाऱ्यांची संख्या मोठी म्हणून ऐकणाऱ्यालाही ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

या समजुतीत तीन विधानं एकत्र बांधलेली आहेत. भांडखोरपणा त्या माशात असतो, हे पहिलं. तो मासा गेला की भांडण जातं, हे दुसरं. त्याला पकडायचं तर टाकी उसकटावी लागते, हे तिसरं. यातलं पहिलं विधान अर्धसत्य आहे, दुसरं बहुतेक वेळा खोटं ठरतं आणि तिसरं माशांना तसंच माणसांनाही धोक्याचं आहे, असं माझं म्हणणं आहे. माशाचा आक्रमकपणा मासा आणि त्याची जागा यांच्या नात्यातून उपजतो. म्हणून आधी जागेची मांडणी बदलावी आणि मासा काढणं अटळच ठरलं तर ते सापळा लावून, सावकाश करावं. 

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. हा पक्ष दुबळा नाही. मार खाणारा मासा आधी कोपऱ्यात दडतो, मग खाणं सोडतो. त्याच्या फाटलेल्या परांवर जंतुसंसर्ग होतो. ताणामुळे प्रतिकारशक्ती घटते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला गाठतो. समुद्रात हरलेला मासा पळून जातो, टाकीत त्याला पळायला जागा नसते. त्यामुळे एक मासा दुसऱ्याला दोन दिवसांत संपवू शकतो. अशा वेळी थांबून विचार करत बसणं म्हणजे दुबळ्याचा जीव पणाला लावणं होय, असं पूर्वपक्ष म्हणतो. शिवाय काही जातींची कीर्ती उगाच झालेली नाही. तीन पट्ट्यांचा डॅमसेल, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डोमिनो, मरून क्लाउनफिशची मादी, लाल समुद्रातला सोहाल सर्जनफिश, नारिंगी रेघांचा अंड्युलेट ट्रिगरफिश या माशांनी अनेक टाक्या खरोखरच ओस पाडल्या आहेत.

या पक्षाच्या पाठीशी एक मोठं नावही उभं केलं जातं. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी 1973 साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी एक असलेल्या कॉन्राड लॉरेंट्स यांनी 1963 मध्ये आक्रमकतेवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवातच फ्लोरिडाच्या प्रवाळखडकांवरच्या माशांपासून आणि मग प्रयोगशाळेतल्या टाक्यांपासून होते. आक्रमकता ही प्राण्याच्या आत आपोआप साचत जाणारी प्रेरणा आहे आणि ती कुठे ना कुठे बाहेर पडणारच, हा त्यांचा सिद्धांत. मासा भांडतो कारण भांडण त्याच्या आतच भरलेलं आहे, या समजुतीला शास्त्राचं पाठबळ मिळालं ते इथून.

पण लॉरेंट्स यांची साक्ष अर्धीच वाचली गेली. त्याच ग्रंथात त्यांनी नोंदवलं आहे की खुल्या समुद्रात ही भांडणं क्वचितच जीवघेणी होतात. हरणारा पळतो, जिंकणारा आपल्या हद्दीपर्यंत पाठलाग करतो आणि परततो. टाकीत मात्र पळणाऱ्याला हद्द ओलांडताच येत नाही, म्हणून जिंकणारा थांबत नाही. म्हणजे मासा तोच, प्रेरणा तीच, पण परिणाम वेगळा. मग त्या परिणामाचं कारण माशात शोधायचं की काचेच्या चार भिंतींत? दुसरं असं की प्रेरणा आत साचत जाते या कल्पनेवर पुढच्या संशोधकांनी सडकून टीका केली. वर्तनामागे साठणाऱ्या ऊर्जेची कल्पना करणारी प्रतिमानं किती अपुरी आहेत, हे रॉबर्ट हाइंड यांनी 1960 मध्येच दाखवलं होतं. आक्रमकता बऱ्याच अंशी समोर कोण आहे, किती जवळ आहे आणि काय पणाला लागलं आहे यावर ठरते, ही भूमिका आज अधिक ग्राह्य मानली जाते. 

पणाला काय लागतं, हे डॅमसेल कुळातल्या माशांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. ओकिनावाच्या प्रवाळखडकांवर राहणारा एक काळपट डॅमसेल चक्क शेती करतो. हिरोकी हाता आणि मकोतो काटो या जपानी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की हा मासा आपल्या जागेत एका विशिष्ट लाल शैवालाचं जवळजवळ एकपीक राखतो. नको असलेली शैवालं तोंडाने उपटून बाहेर फेकतो आणि चरायला आलेल्या इतर माशांना हुसकून लावतो. हे शैवाल त्या शेताबाहेर टिकतच नाही, कारण इतर मासे ते खाऊन संपवतात. बेलीझच्या किनाऱ्यावर 2020 मध्ये आणखी एक नवल नोंदवलं गेलं. तिथला लांब परांचा डॅमसेल आपल्या शेतावर कोळंबीसारख्या इवल्या मायसिडांचे थवे सांभाळतो, त्यांना शत्रूंपासून संरक्षण देतो आणि त्यांच्या विष्ठेचं खत त्याच्या शैवालाला मिळतं. अशा माशाचं धावून जाणं म्हणजे पिकावर आलेली गुरं हाकणाऱ्या राखणदाराचं धावून जाणं आहे. राखण थांबली तर त्याची उपासमार होईल.

आता असा मासा घरातल्या टाकीत येतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल अशी टाकी मध्यमवर्गीय घरात मोठीच समजली जाते. तिच्यात जास्तीत जास्त 255 लिटर पाणी मावतं, खडक आणि वाळू घातल्यावर त्याहूनही कमी. तिचा तळ जेमतेम अर्धा चौरस मीटर भरतो. कॅरिबियनमधल्या तीन ठिपक्यांच्या डॅमसेलची एकट्याची हद्द एका चौरस मीटरच्या आसपास असते. हे गणित समोर ठेवलं की चित्र उलटतं. मासा टाकीत हद्द आखत नाही. अख्खी टाकीच त्याच्या हद्दीच्या आत येते. आपण विकत घेऊन सोडलेला प्रत्येक नवा मासा त्याच्या दृष्टीने शेताच्या मधोमध उतरलेला घुसखोर असतो.

हा मासा सगळ्यांवर सारखाच धावतो, हेही खरं नाही. आर्थर मायरबर्ग आणि रोनाल्ड थ्रेशर यांनी 1974 मध्ये याच तीन ठिपक्यांच्या डॅमसेलचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या जातींचे मासे बाटलीत ठेवून ते त्याच्या जागेजवळ नेले आणि किती अंतरावर तो हल्ला करतो हे मोजलं. स्वतःच्या जातीच्या माशावर तो सर्वांत दूरवरून तुटून पडतो, इतर जातींना बरंच जवळ येऊ देतो. एकाच माशाभोवती जणू एकात एक अनेक हद्दी असतात आणि समोरचा कोण आहे त्यानुसार त्यांतली एक लागू होते. जो मासा इतकं बारीक तारतम्य दाखवतो, त्याला आंधळा दुष्ट म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. टाकीत माशांची निवड करणारा माणूस हे तारतम्य पाळत नाही, सारख्या आकाराचे, सारखं खाणारे, एकाच कुळातले मासे शेजारी शेजारी कोंबतो आणि दोष माशाला देतो.

दुसऱ्या विधानाकडे वळतो. भांडखोर मासा काढला की शांतता येते, असं मानण्यामागे एक गृहीत आहे. बाकीचे मासे मुळातच शांत असून फक्त या एकामुळे त्रासलेले आहेत, असं ते गृहीत. प्रवाळमाशांच्या सामाजिक जीवनाबद्दल जे ठाऊक आहे ते याच्या नेमकं विरुद्ध आहे.

ग्रेट बॅरिअर रीफवरच्या हेरॉन बेटाजवळ डी. रॉस रॉबर्टसन यांनी सफाई करणाऱ्या निळ्या पट्ट्याच्या रास माशाचे कळप अभ्यासले. त्यांचा शोधनिबंध 1972 चा आहे. या कळपात एक नर असतो आणि त्याच्या खाली उतरंडीने काही माद्या. नर नाहीसा झाला की सर्वांत वरची मादी दीड-दोन तासांतच नरासारखी आक्रमक वागू लागते. दोन ते चार दिवसांत तिचं वर्तन पूर्ण नराचं होतं आणि 14 ते 18 दिवसांत ती शुक्राणूही सोडू लागते. वरचा गेला म्हणून खालच्यांमध्ये समता येत नाही. रिकाम्या जागेवर दुसरा चढतो आणि चढताना आपली सत्ता दाखवतो.

क्लाउनफिशचीही तीच तऱ्हा, फक्त तिथे मादी वरची. एका समुद्रफुलात राहणाऱ्या गटात सर्वांत मोठी मादी, तिच्या खालोखाल प्रजननक्षम नर आणि मग क्रमाने लहान होत गेलेले इतर. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत केलेल्या अभ्यासातून 2003 मध्ये दिसून आलं की खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ आवरून धरतो, वरच्याहून ठरावीक प्रमाणात लहानच राहतो, कारण तो मोठा झाला तर त्याला हाकललं जाईल. मादी गेली तर नराची मादी होते आणि खालचा एकजण नराच्या जागी येतो. अशा गटातून वरचा मासा उचलणं म्हणजे सगळ्यांच्या आवरून धरलेल्या महत्त्वाकांक्षा एकदम मोकळ्या करणं. 

इथे लॉरेंट्सच पुन्हा मदतीला येतात, पण या वेळी माझ्या बाजूने. सिक्लिड माशांच्या जोड्या काचेच्या आडपडद्याने अलग केलेल्या टाकीत ठेवल्या होत्या. काच स्वच्छ असेपर्यंत नर पलीकडच्या शेजाऱ्यावर राग काढत आणि आपल्या माद्यांशी बरे वागत. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की तेच नर स्वतःच्या मादीला छळू लागत. लॉरेंट्स यांनी यातून साचणाऱ्या प्रेरणेचा निष्कर्ष काढला. तो मान्य नसला तरी निरीक्षण खोटं होत नाही. टाकीतून एक मासा वजा केला की संबंधांचं सगळं जाळं नव्याने विणलं जातं आणि ते आधीपेक्षा मऊ असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

यावर आक्षेप येईल की मासा काढल्यावर टाकी शांत झाल्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे, त्याचं काय? तो अनुभव खरा आहे आणि त्याचं कारणही सांगता येतं. काढलेला मासा बहुधा टाकीत सर्वांत आधी आलेला असतो. आधी आलेल्याचा जागेवरचा हक्क प्राणिजगतात फार प्रबळ ठरतो. तुल्यबळांच्या झगड्यात मूळचा रहिवासी बहुतेक वेळा जिंकतो. तो गेल्यावर उरलेल्यांपैकी कुणालाच तसा पूर्वहक्क नसतो, म्हणून काही काळ तोल साधतो. म्हणजे हा अनुभवही माशाच्या दुष्टपणाचा पुरावा देत नाही. तो आगमनाच्या क्रमाचा पुरावा देतो.

आणि हा क्रम ठरवतो कोण? इथे या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर नांदू लागायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात जिवाणूंना खाद्य मिळावं म्हणून टाकीत एखादा स्वस्त, चिवट, मरणार नाही असा मासा सोडायची पद्धत पडली. स्वस्त आणि चिवट म्हटलं की दुकानात बोट डॅमसेलकडेच जातं. अमोनियाने होरपळूनही तो जगतो, अख्ख्या टाकीचा एकटा धनी होतो, प्रत्येक कपार त्याच्या ओळखीची होते. महिन्या-दीड महिन्याने पाणी निवळलं की मालक महागाचे, नाजूक मासे आणून त्याच्या घरात सोडतो. मग तो धावून गेला की म्हणायचं, हा मासा वाईट. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसं हे आहे. ज्याने सर्वांत मोठी हद्द लागणारा मासा सर्वांत आधी आणून बसवला, त्या माणसाच्या निर्णयावर कुणी बोट ठेवत नाही. 

तिसरं विधान तर प्रत्यक्ष हानी करणारं आहे. मासा काढायचा तर खडक उपसा, असं म्हणणाऱ्यांना मुरलेल्या टाकीत खडक उपसणं म्हणजे काय, हे एकदा नीट सांगितलं पाहिजे. खडकांवर प्रवाळ चिकटून वाढलेले असतात, ते तुटतात. खडकांच्या पोटात राहणारे स्पंज हवेत आले की त्यांच्या सूक्ष्म नळ्यांत हवा अडकते आणि तो भाग सडतो. खडकाखालच्या जाड वाळूत प्राणवायू नसलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. तो एकदम पाण्यात मिसळला तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे तेच मासे गुदमरतात. वर्षानुवर्षं स्थिरावलेल्या सगळ्याच माशांच्या हद्दी एका दुपारी पुसल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी नव्या भांडणांना तोंड फुटतं.

माणसाचाही जीव यात धोक्यात येतो. बटणांसारखे दिसणारे झोअँथिड प्रवाळ बहुतेक टाक्यांत असतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआ गटाच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईच्या मावी बेटावर, हाना गावाजवळच्या एका डबक्यातलं हे विष स्थानिक लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. शास्त्रज्ञांनी ते 1971 मध्ये वेगळं केलं. निसर्गातल्या ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल विषांत ते मोडतं. असे खडक बाहेर काढून घासले, गरम पाण्याने धुतले किंवा उकळले तर विष वाफेतून हवेत पसरतं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडून रुग्णालयात गेल्याच्या घटना युरोप-अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. हाताला जखम असताना असा खडक उचलणंही धोक्याचं आहे. एका भांडखोर माशापायी इतकी जोखीम घ्या असं सांगणारा सल्ला बेजबाबदार आहे.

शिवाय हा मार्ग निष्फळही ठरतो. जाळी घेऊन पाठलाग सुरू झाला की मासा एका दिवसात जाळी ओळखायला शिकतो आणि ती पाण्याजवळ आली तरी कपारीत शिरतो. ट्रिगरफिश तर पाठीवरचा पहिला काटा ताठ करून कपारीत स्वतःला अडकवून घेतो. मागचा दुसरा काटा त्या पहिल्याला खिट्टीसारखा अडवून धरतो आणि तो दुसरा काटा खाली दाबल्याशिवाय पहिला वाकत नाही. ओढून काढू पाहाल तर मासा फाटेल. एंजलफिशच्या कल्ल्यांवरचे काटे आणि सर्जनफिशच्या शेपटीजवळची धारदार पाती जाळीच्या वीणीत अडकतात आणि सोडवताना जखमा होतात. 

आता मंडन. माझी बाजू मी तीन पायऱ्यांत मांडतो.

पहिली पायरी पीडिताची. भांडण जीवघेणं झालं असेल तर आधी मार खाणाऱ्याला वेगळं करावं. थकलेला, पाण्याच्या वरच्या थरात कोपऱ्याला टेकलेला मासा पारदर्शक भांड्यात सहज येतो. भोकं असलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीत तो त्याच टाकीच्या काचेला टांगून ठेवावा. त्याला त्याच पाण्यात राहता येतं, स्वस्थपणे खाता येतं आणि मारणाऱ्याला तो रोज दिसतो, पण हाती लागत नाही. थांबलात तर दुबळा मरेल, या पूर्वपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याला हे सरळ उत्तर आहे. दुबळ्याला वाचवायला बळकटाला पकडावं लागत नाही. उलट पकडायला सोपा असतो तो दुबळाच.

दुसरी पायरी मांडणीची. कोण कुणावर, कुठे आणि कोणत्या वेळी धावतो हे काही दिवस नीट पाहावं. खाण्याच्या वेळी भांडण होत असेल तर खाद्य दिवसातून अनेकदा, थोडं थोडं आणि दोन-तीन ठिकाणी द्यावं. शैवाल खाणाऱ्यांना समुद्री शैवालाची पानं वेगळी लावावीत. ठरावीक जागेवर भांडण होत असेल तर दोघांची नजरानजर तुटेल असा एखादा खडक मध्ये ठेवावा किंवा वरचे एक-दोन खडक हलवून कपारींची रचना बदलावी. सगळा डोंगर उपसणं आणि वरचा एखादा दगड फिरवणं यांत फार मोठं अंतर आहे. नवे मासे आणायचे असतील तर एकेक न आणता काही एकत्र आणावेत आणि आठवडाभर पेटीतून ओळख करून द्यावी. हद्दी राखणारे अनेक प्राणी परक्यापेक्षा ओळखीच्या शेजाऱ्याशी कमी भांडतात. एवढ्यानेही भागलं नाही तर मारणाऱ्यालाच काही दिवस त्या पेटीत बसवावं. तो कोंडलेला असताना इतर मासे टाकीत हातपाय पसरतात आणि तो परत येतो तेव्हा त्याचा पूर्वहक्क ओसरलेला असतो. 

तिसरी पायरी काढण्याची. काही जोड्या कोणत्याही मांडणीने सुधारत नाहीत, हे मी मान्य करतो. लहान टाकीतला अंड्युलेट किंवा क्लाउन ट्रिगरफिश, वाढलेली मरून मादी आणि दुसऱ्या जातीचे क्लाउनफिश, एकाच जातीचे दोन डॉटीबॅक, चार फुटी टाकीतला सोहाल. यांना एकत्र ठेवणं ही दोघांवरही क्रूरता आहे. इथे मासा काढावाच, पण तो दुष्ट म्हणून नव्हे. ही जागा त्याला पुरणार नाही म्हणून.

काढण्याआधी तो जाणार कुठे हे ठरलेलं असलं पाहिजे. मुरलेलं पाणी, गाळणी आणि तापमान राखणारा हीटर असलेली वेगळी टाकी किंवा तो घ्यायला तयार असलेला शौकीन वा दुकानदार आधी गाठावा. मग सापळा आणावा. पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी, तिला दोरीने वर धरलेलं सरकतं दार, एवढंच त्याचं रूप. तो दार उघडं ठेवून टाकीत सोडावा आणि काही दिवस तसाच विसरून जावा. पाण्यातल्या प्रत्येक नव्या वस्तूकडे मासे आधी संशयाने पाहतात. तो संशय विरायला वेळ द्यावा लागतो. मग टाकीतलं इतर खाणं कमी करून खाद्य फक्त सापळ्याच्या आत, दारापासून लांबच्या टोकाला द्यावं. त्या वेळी पंप बंद ठेवावा, नाहीतर प्रवाहाने खाद्य बाहेर येतं आणि माशाला आत शिरायचं कारण उरत नाही. हवा तो मासा निर्धास्तपणे पूर्ण आत जाऊन खाऊ लागेपर्यंत दोरीला हात लावू नये. पहिला प्रयत्न फसला तर तो मासा पुढचे अनेक दिवस सापळ्याकडे फिरकत नाही. स्वतःच्या जातीवर धावणाऱ्या माशासाठी सापळ्याच्या मागे छोटा आरसाही उपयोगी पडतो. हद्द राखायची त्याची ओढच त्याला आत आणते.

मासा सापळ्याला बधत नसेल तर त्याच्या झोपेचा अभ्यास करावा. दिवे मालवल्यावर अनेक मासे रोज त्याच कपारीत शिरतात. ती कपार ज्या एका खडकात आहे तो रात्री, लाल प्रकाशाच्या बॅटरीच्या उजेडात, अलगद उचलून टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवला तर मासा खडकासकट बाहेर येतो. ट्रिगरफिशची काटा अडकवण्याची सवय इथे आपल्याच कामी येते. रास कुळातले काही मासे वाळूत गाडून घेऊन झोपतात, काही स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. त्यांच्याबाबतीत दिवसाचा सापळाच बरा. सापळ्यातून किंवा बादलीतून मासा पुढे नेताना जाळीऐवजी पारदर्शक भांडं वापरावं म्हणजे पर फाटत नाहीत. 

काढलेल्या माशाला समुद्रात किंवा तलावात सोडणं मात्र कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य मानलं पाहिजे. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम नोंदवला गेला. मत्स्यालयांतून सुटलेले किंवा सोडलेले मासे हे त्याचं मूळ मानलं जातं. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. गोड्या पाण्यात आपल्याकडेही हे घडलं आहे. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा मत्स्यालयांतून बाहेर पडून उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. मालवणच्या प्रवाळांना आधीच पाण्याच्या तापमानाचा आणि गाळाचा त्रास आहे, त्यात परक्या माशांची आणि त्यांच्या रोगांची भर नको. भारतातल्या शौकिनांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्व पाषाणी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अमेरिकेतला किंवा आखातातला मराठी माणूस जे प्रवाळ उघडपणे पाळतो, ते इथल्या समुद्रातून काढणं किंवा बाळगणं गुन्हा आहे.

या सगळ्यातून निघणारा सिद्धांत थोडक्यात सांगता येतो. समुद्री मत्स्यालयांतले बहुसंख्य मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. तिथे त्यांची आक्रमकता त्यांच्या उपजीविकेचं साधन होती. आपण त्यांना अशा जागी आणतो जिथे पळायला वाट नाही आणि हद्द आखायला जागा नाही. मग त्या जागेचे परिणाम दिसू लागले की त्यांची जबाबदारी जागा बनवणाऱ्याची असते. ती जबाबदारी ओळखली की उपायांचा क्रम आपोआप ठरतो : पीडिताला आसरा, मग मांडणीत बदल आणि शेवटी, गरज उरलीच तर, सापळा.

पण खरा बदल याच्याही आधी, टाकी सुरू करतानाच घडला पाहिजे. टाकी मुरवण्यासाठी जिवंत मासा वापरण्याची आता काहीच गरज राहिलेली नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण मोजून घातलं किंवा मुरलेल्या टाकीतला खडक आणून ठेवला तरी जिवाणू तितकेच जोमाने वाढतात आणि कोणत्याही जिवाला अमोनियात होरपळावं लागत नाही. दुकानदारांनी नवशिक्या गिऱ्हाइकाच्या हातात डॅमसेलची पिशवी देणं थांबवावं, जुन्या शौकिनांनी तो सल्ला देणं थांबवावं आणि ज्याची हद्द सर्वांत मोठी तो मासा टाकीत सर्वांत शेवटी यावा, हा नवा नियम रूढ करावा. एवढं झालं तर आज भांडखोर म्हणून बदनाम झालेले कितीतरी मासे पकडून काढण्याची वेळच येणार नाही.